विचारा तर खरं : वापर सुरू आहे? हो!

या महिन्यातली चार पत्रं एकाच वळणाची निघाली, म्हणून एकत्र घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्यात खोलात जाण्यासारखं जास्त आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

पत्र पहिलं

*काका, मी एका मोठ्या कंपनीच्या फाउंडेशनमध्ये क्षेत्र समन्वयक आहे. गावं सगळी कापसाची. फवारणी करणाऱ्यांना सुरक्षा किट द्यायचे, देण्याआधी प्रशिक्षण घ्यायचं आणि नंतर जाऊन लोक ते वापरतात का ते पाहायचं, असा प्रकल्प आहे. मागच्या वर्षी किट आले फेब्रुवारीत. तेव्हा कोण फवारतो? साहेब म्हणाले, मार्चअखेर वाटून टाका, प्रशिक्षणाचे फोटो वाटपातच काढा आणि ‘वापर सुरू आहे का’ या रकान्यात सगळीकडे ‘हो’ लिहा. मी म्हटलं, सर, वापर कसा सुरू असेल? तर म्हणाले, वरून आलं आहे, तू फक्त भर, जबाबदारी माझी. मी भरलं. भाद्रपदात गावांत गेलो तर किट गोठ्यात खुंटीला टांगलेले आणि माणसं बनियनवर फवारत होती. आता पुन्हा फेब्रुवारी आहे, नवे किट आले आहेत आणि फॉर्म तोच आहे. बहिणीचं शिक्षण माझ्या पगारावर चालतं, नोकरी सोडता येत नाही. आम्हाला एका प्रशिक्षणात अमेरिकेतला शॉक देण्याचा प्रयोग सांगितला होता. मी त्यातलाच एक झालो का?*
— नाव देऊ नये असं कळवलं आहे, जि. यवतमाळ

भाऊ, झालास. पण तो प्रयोग प्रशिक्षणांत अर्धाच सांगतात आणि तुझ्या कामाचा भाग नेमका उरलेल्या अर्ध्यात आहे, म्हणून आधी तो पुरा सांगतो.

१९६१ साली येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने पेपरात जाहिरात देऊन माणसं बोलावली. पोस्टातले कारकून, शाळामास्तर, विक्रेते, मजूर, अशी साधी माणसं. मानधन साडेचार डॉलर. त्यांना सांगितलं की शिक्षेने पाठांतर सुधारतं का हे आम्ही तपासतोय. पलीकडच्या खोलीत एक जण खुर्चीला बांधलेला. त्याचं उत्तर चुकलं की यंत्राचं बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा. ३० बटणं, १५ व्होल्टपासून ४५० व्होल्टपर्यंत. झटका खोटा होता आणि बांधलेला माणूसही सामील होता, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ३०० व्होल्टला पलीकडून भिंतीवर हात आपटल्याचा आवाज यायचा आणि मग थोड्याच वेळात काहीच यायचं नाही. बटणवाला घुटमळला की करड्या कोटातला प्रयोगकर्ता शांतपणे म्हणायचा, ‘पुढे चालू ठेवा.’ ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. त्यांना घाम फुटला, कुणी थरथरलं, कुणाला भलतंच हसू आलं, पण गेले.

इतकं सांगून प्रशिक्षणवाले थांबतात आणि चहा येतो. मिलग्रॅम थांबला नव्हता. त्याने मांडणी बदलून बदलून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. एका मांडणीत बटण दुसऱ्याच्या हातात दिलं. आपल्या माणसाकडे नुसतं बाजूचं काम, म्हणजे बटण दाबायला लागत नाही पण आपल्या कामाशिवाय प्रयोग पुढे सरकत नाही. त्यात ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत बसून राहिले.

आता तुझा फॉर्म काढ. खाली तीन चौकटी असतील : तयार करणार, तपासणार, मंजूर करणार. तयार करणारा तू. तू गाव पाहिलंस, पण ठरवणं तुझ्याकडे नाही. तपासणारा यवतमाळच्या किंवा नागपूरच्या ऑफिसात बसून रकाने भरलेत का एवढं बघतो. मंजूर करणाऱ्याने किट पाहिला नाही, खुंटी पाहिली नाही, त्याला फक्त बेरीज दिसते. तिघांपैकी एकाच्याही हातात बटण नाही. तुझे साहेब ‘वरून आलं आहे’ म्हणतात तेव्हा ते बहुतेक खोटं बोलत नसतात. त्यांनाही वरूनच आलेलं असतं.

एक फरक मात्र आहे आणि तो तुझ्या बाजूचा आहे. येलमधल्या लोकांना आधीच सांगितलं होतं की आलात एवढ्यानेच पैसे तुमचे झाले, पुढे काहीही होवो. त्यांची नोकरी जाणार नव्हती, बहिणीची फी थांबणार नव्हती. तरी ते उठले नाहीत. तुझ्यावर पगाराचं ओझं आहे, त्यामुळे मी तुला त्या २६ जणांपेक्षा हलकं मोजतो. पण यंदाचा फॉर्म समोर आहे, म्हणून पुढचं वाच.

‘वरून’ म्हणजे कुठून? कंपनी कायदा २०१३, कलम १३५. १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, यालाच सीएसआर म्हणतात. रक्कम खर्च केली नाही किंवा ठरलेल्या खात्यात वळवली नाही तर दंड आहे, कंपनीलाही आणि जबाबदार अधिकाऱ्यालाही. किट खुंटीला टांगला म्हणून मात्र कुणाला दंड होत नाही. वरच्या माणसाच्या मानेवर ३१ मार्च बसलेला असतो, भाद्रपद नसतो. फेब्रुवारीत किट येण्याचं कारण हे.

पण तुझ्या साहेबांना त्याच नियमातली एक सोय कदाचित माहीत नसेल. प्रकल्प ‘चालू प्रकल्प’, म्हणजे एकाहून जास्त वर्षं चालणारा, म्हणून मंजूर असेल तर न संपलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. म्हणजे प्रशिक्षण जूनमध्ये आणि पाहणी सप्टेंबरात घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती ऑफिसच्या सवयीची. दुसरी गोष्ट अशी की २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला लिहून द्यावं लागतं की पैसा मंजूर कामासाठी आणि मंजूर पद्धतीनेच वापरला गेला. त्याच्या त्या दाखल्याच्या तळाशी तुझा ‘हो’ आहे. ज्या कंपनीचा हा खर्च सरासरी १० कोटी किंवा वर आहे, तिला १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांच्या परिणामांची पाहणी त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावी लागते. त्या संस्थेचा माणूस गावात येईल, गोठ्यात जाईल, आणि मग ‘जबाबदारी माझी’ हे कुठे लिहिलेलं आहे असं तुला विचारलं तर दाखवायला तुझ्याकडे काय आहे?

म्हणून पहिलं काम हे कर. तोंडी आलेला हुकूम कागदावर आण, आणि अगदी नरमाईने आण. साहेबांना मेल टाक किंवा व्हॉट्सॲप कर : ‘सर, आज बोलल्याप्रमाणे किटवाटप मार्चमध्ये पूर्ण करतो. सध्या फवारणीचा हंगाम नसल्याने वापराची नोंद ऑगस्ट-सप्टेंबरच्या पाहणीनंतर करतो.’ एवढंच. यात भांडण नाही, आरोप नाही. ते ‘नाही, आत्ताच हो लिहा’ असं लिहून देतील का? मी नोकरीत जे पाहिलं त्यावरून सांगतो, जी जबाबदारी तोंडी सहज घेता येते ती लिहिताना हात आखडतो. ॲपमध्ये ‘हो’शिवाय दुसरं काही दाबता येत नसेल तर शेऱ्याच्या जागेत लिही : वाटप झाले, वापर तपासलेला नाही. शेऱ्याची जागाही नसेल तर तसंही कळव.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. शेजारच्या तालुक्यातला समन्वयक शोध. मिलग्रॅमने एका मांडणीत दोन सामील माणसं बटणवाल्याच्या बाजूला बसवली. ते दोघं मध्येच एकामागून एक उठले आणि म्हणाले, आम्ही हे करणार नाही. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी ४ उरले. हुकूम तोच होता, कोटही तोच. बाजूचा माणूस उठला एवढाच फरक.

मी सूतगिरणीत कामगार कल्याण अधिकारी होतो. ब्लो रूममध्ये, जिथे गाठी फोडून कापूस मोकळा करतात, तिथे तंतू असे उडतात की संध्याकाळी माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात. मास्कचं रजिस्टर व्यवस्थित होतं. मास्क कपाटात होते आणि तपासणीच्या दिवशी बाहेर यायचे. एकदा सह्या घ्यायला गेलो तर एका म्हाताऱ्या जॉबरने, म्हणजे पाळीच्या मुकादमाने, पेन हातात घेतलं आणि विचारलं, “इथं काय लिवलं हाय? ‘मिळाले’? मले कुठं मिळाले? ‘पाह्यले’ असं लिवा, मंग करतो सही.” मॅनेजर भडकले, रजिस्टर तसंच पडून राहिलं. मग दुसऱ्या पाळीच्या जॉबरनेही तेच म्हटलं, मग तिसऱ्या पाळीच्या. तिघंही ‘पाह्यले’वर अडून बसले. त्या आठवड्यात मास्क कपाटातून कायमचे बाहेर आले. पहिला एकटाच राहिला असता तर त्याची बदली पॅकिंगला झाली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गुपचूप वागण्याबद्दलही लिहितो, कारण तुझ्या मनात तो विचार येईल. प्रयोगकर्ता खोलीतून निघून गेला आणि फोनवरून हुकूम देऊ लागला, तेव्हा ऐकणारे साधारण पाचातला एक एवढेच राहिले. त्यात काही जण फोनवर सांगत होते की झटका वाढवतोय, आणि प्रत्यक्षात सगळ्यात खालचं बटण दाबत होते. माणसं चांगलीच म्हणायची. पण प्रयोग जसाच्या तसा चालू राहिला आणि प्रयोगकर्त्याच्या वहीत सगळं ठीक. आमच्याकडे हीच रीत आहे. वरच्याला हो म्हणायचं आणि खाली जमेल तसं भलं करायचं. तूही कदाचित पावसाळ्यात स्वतःच्या वेळात जाऊन दोन-चार लोकांना हातमोजे घालायला शिकवशील. शिकव. पण फॉर्मवर ‘हो’ राहिला तर पुढच्या वर्षी किट पुन्हा फेब्रुवारीतच येतील.

आणि हे किट म्हणजे काही शोभेचं काम नव्हे. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. कपाशी त्या वर्षी डोक्याला लागली होती, फवारा अंगावरच यायचा. नंतर सगळ्यांनी सांगितलं की मजुरांनी काळजी घेतली नाही. पण साखळी बघ. कंपनीचा माणूस कृषी केंद्रवाल्याला सांगतो, कृषी केंद्रवाला शेतकऱ्याला सांगतो की हे अन् ते मिसळून मार, शेतकरी मजुराला सांगतो, आणि मजूर पाठीवर पंप चढवतो. डबीवरचा लाल त्रिकोण, म्हणजे जहाल विषाची खूण, कुणी वाचला? ज्याला वाचायची सवय नाही त्याच्याच अंगावर औषध पडलं. त्या साखळीत प्रत्येकाने वरच्याचं ऐकलं होतं. तुझा प्रकल्प त्या मरणांवरचा उपाय म्हणून कुणीतरी मांडला असेल, आणि त्याचीही तशीच साखळी झाली.

किटही एकदा घालून बघ. भर ऊन, पावसाची उघडीप, दमट हवा, अंगात प्लास्टिकचा ॲप्रन. गॉगलवर दोन तासांनी वाफ धरते आणि ओळ दिसत नाही. हातमोजे मोठ्या हाताचे असतात, बाईमाणसाच्या हातातून निसटतात. लोक किट टांगून ठेवतात ते आळसाने नव्हे. ही माहिती फक्त तुझ्याकडे आहे आणि ‘हो’ लिहिलंस की ती तिथेच मरते. पुढच्या वर्षी पातळ कापडाचा, लहान मापाचा किट यायला हवा असेल तर त्या रकान्यात ‘नाही’ लागेल, आणि का नाही तेही.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिला तक्रारीची गोपनीय व्यवस्था ठेवावी लागते, कलम १७७ मध्ये ते आहे. पण फाउंडेशनचे कर्मचारी तिच्यात बसतात का ते आधी कंपनीच्या धोरणात वाच. नसतील बसत तर तिथे पत्र टाकून स्वतःला उघडं पाडू नकोस. शेऱ्याचा आणि जोडीदाराचा मार्ग धर. साहेबांना मात्र त्या वेगळ्या खात्याची सोय तूच सांग, आणि चहा घेताना सांग. ती ऐकून त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

पत्र दुसरं

*मिलग्रॅमच्या प्रयोगावर आता खूप टीका झाली आहे, त्यात फसवणूक होती, काही लोकांना झटका खोटा असल्याचा संशय आला होता, असं आम्हाला शिकवतात. मग त्याच्या आधारावर कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीवर बोलणं योग्य आहे का?*
— एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची) विद्यार्थिनी, वर्धा

टीका खरी आहे. घुटमळणाऱ्याला ऐकवायची चार वाक्यं ठरलेली होती, प्रयोगकर्ता त्यांच्या बाहेर जाऊन लोकांना पटवत होता हे ध्वनिमुद्रणांवरून दिसतं, आणि संशय आलेले लोकही होते. तरी जेरी बर्गर या मानसशास्त्रज्ञाने १५० व्होल्टवर थांबवून तोच प्रयोग जपून केला (तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला) तेव्हा सुमारे ७० टक्के लोक पुढे जायला तयार निघाले. त्यामुळे सगळं निकालात काढता येत नाही.

तुमच्या विषयाला उपयोगी गोष्ट वेगळी आहे. बर्गरच्या प्रयोगात ‘तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे जायलाच हवं’ हे चौथं, सरळ हुकमाचं वाक्य ज्यांना ऐकवावं लागलं, त्यांच्यातला एकही पुढे गेला नाही. लोक पुढे जात होते ते ‘प्रयोगासाठी हे आवश्यक आहे’ अशा वाक्यावर. ॲलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायकर या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की माणसं डोळे मिटून हुकूम पाळत नाहीत, त्यांना काम चांगलं वाटतं म्हणून ती साथ देतात.

हे वाचल्यावर मला सीएसआरची अर्धी ऑफिसं डोळ्यांसमोर आली. कारखान्यात खोटा आकडा लिहायला सांगितलं तर अकाउंटंटही दोनदा विचार करतो. पण ‘गरिबांसाठीच आहे ना, ताणू नको’ म्हटलं की तोच माणूस लाभार्थ्यांचे अंगठे घरी बसून उमटवतो. दान-धर्माच्या नावाने आलेला हुकूम मोडणं सगळ्यात अवघड. प्रबंध लिहिणार असाल तर हा धागा धरा, आणि एखाद्या ब्लॉकमधल्या लाभार्थी याद्या घेऊन घरोघर जा.

पत्र तिसरं

*मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाजवळ कोळशाची खाण आहे. ट्रकच्या धुळीने पऱ्हाटीची पानं काळी होतात, घरात भांडी झाकून ठेवावी लागतात. कंपनीने पाण्याचं आरओ मशीन देऊ केलं आहे. त्यासाठी ग्रामसभेचा आभाराचा ठराव हवा, आणि ठरावात ‘धुळीबाबत ग्रामस्थांची तक्रार नाही’ असं एक वाक्य टाकलं आहे. सरपंच म्हणतात, “ताई, देणाऱ्याचा हात कायले धरता? सायेब लोक नाराज होतीन.” सगळे सही करणार आहेत. मी एकटीने काय करावं?*
— जि. चंद्रपूर

ताई, आरओ घ्या. ते वाक्य घेऊ नका. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, आणि तो नाही असं कायदाच म्हणतो.

खाणीला पर्यावरण मंजुरी देताना रस्त्यावर पाणी मारणं, ट्रकवर ताडपत्री झाकणं अशा अटी घातलेल्या असतात. त्या पाळणं हे खाणीचं कर्तव्य आहे. सीएसआरच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की दुसऱ्या कुठल्या कायद्याने बंधनकारक असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे धूळ दाबण्याचा खर्च कंपनी त्या दोन टक्क्यांत दाखवू शकत नाही, आणि आरओ दिला म्हणून धूळ माफ होत नाही. शिवाय कलम १३५ मध्येच आहे की कंपनीने जिथे तिचं काम चालतं त्या भागाला प्राधान्य द्यावं. तेव्हा देणाऱ्याचा हात वगैरे सरपंचांनी मनातून काढून टाकावं.

आता करायचं काय. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल खाणीला वर्षातून दोनदा द्यावा लागतो, १ जून आणि १ डिसेंबरला. तो सार्वजनिक कागद आहे, मिळवा. त्यात ‘नियमित पाणी मारले जाते’ असं नक्की लिहिलेलं सापडेल. ग्रामसभेत तेवढी ओळ मोठ्याने वाचा आणि विचारा, काल कुणी टँकर पाहिला का? हा प्रश्न विचारायला तुम्हाला कुणाच्या विरोधात उभं राहावं लागत नाही. आणि एकदा चार बाया ‘नाही पाह्यला’ म्हणाल्या की ठरावातलं ते वाक्य वाचणाऱ्याच्याच तोंडात अडकतं.

सभेआधी त्या चार बाया शोधणं हे खरं काम आहे. बचत गटाच्या बैठकीत विषय काढा. ग्रामसभेत पहिलं वाक्य तुम्ही बोलू नका, दुसरं बोला. पहिलं एखाद्या म्हातारीला बोलू द्या. तिला सरपंचही गप्प करत नाहीत.

सह्यांचीही एक गंमत तुम्हाला माहीत असेलच. आपल्याकडे हजेरीच्या सह्या आधी होतात आणि ठराव मागून लिहिला जातो. त्यामुळे ठराव लिहून झाल्यावर, खाली मोकळी जागा राहिली असेल तर रेघ मारून, मगच सही करा. ते वाक्य तसंच राहिलं तर सहीशेजारी ‘धुळीबाबतचे वाक्य मान्य नाही’ असं लिहा आणि इतिवृत्तात विरोध नोंदवा असं ग्रामसेवकांना सांगा. पुढे कधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूरच्या कार्यालयात जायची वेळ आली तर तुमची ती एक ओळ कामाला येईल. नाही तर कंपनी तुमच्याच ग्रामसभेचा ठराव तुमच्यासमोर धरेल.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा तुम्हाला फार लांब नाही. तिथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचं जरी ‘नाही’ असलं तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो आणि त्या एकाचं म्हणणं ऐकावं लागतं. मधल्या काळात अभ्यास गटात बसून लोक कायद्याचा कागद वाचतात. बाहेरच्या लोकांना वाटतं, अशाने काही कामच व्हायचं नाही. त्या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये, गावाला आपला बांबू स्वतः विकता यावा म्हणून, बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक खुद्द केंद्रीय मंत्र्याला गावात येऊन द्यावं लागलं. वेळ लागला, पण झालं. तुमच्या सभेत ही पद्धत एका रात्रीत येणार नाही हे मला कळतं. तरी सरपंच ‘एकमताने मंजूर’ म्हणतील तेव्हा तुम्ही ‘थांबा’ म्हणू शकता, आणि त्यावर वही पुन्हा उघडावी लागते.

आरओबद्दलही एक विचारून घ्या : मेम्ब्रेन (मशीनमधली गाळणी) बदलायचा खर्च कुणाचा आणि किती वर्षं? मी पाहिलेल्या बऱ्याच मशीनचं पाणी पहिल्या उन्हाळ्यानंतर आटलं, कंपनीचं नाव मात्र रंगवलेलं ताजं होतं.

पत्र चौथं

*मुलगा एका कंपनीच्या फाउंडेशनमध्ये लागला आहे. महिन्याला घरी पैसे पाठवतो. पण आजकाल साहेबांना उलट प्रश्न विचारतो, फॉर्मवर शेरे लिहितो म्हणे. तुमच्या सदरासारखं काहीतरी वाचून बिघडला असावा. वरिष्ठांचं ऐकावं हे त्याला आपल्या सदरातून समजावून सांगावं.*
— सेवानिवृत्त मुख्याध्यापक, ता. पुसद

गुरुजी, पुसदच्या माणसाने हे मला लिहावं! १९३० साली तुमच्याच पुसदजवळ लोकनायक बापूजी अणेंनी इंग्रजांचा कायदा मोडून राखीव जंगलातलं गवत कापलं आणि जंगल सत्याग्रह केला. आधी जाहीर केलं, मग विळा घेतला, मग अटक करून घेतली. तुमचा मुलगा तर नुसता शेरा लिहितोय, तोही स्वतःच्या सहीने.

त्याच्या पगाराची काळजी तुम्हाला आहे, ती मलाही आहे. म्हणून एवढंच कळवा त्याला : शेरा एकट्याने लिहू नकोस, आणि प्रत्येक शेऱ्याचा फोटो स्वतःजवळ ठेव. मुलगा नेमका कुठल्या जिल्ह्यात आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. घाटंजीकडे असेल तर मला कळवा, एका मुलाला जोडीदार हवा आहे.